कीटो आणि जीएम डाएटनंतर काय? अख्खी धान्ये, कडधान्ये आणि भाज्यांचा आहार घरात कसा बसवावा

वेलांटी (ठाणे)

नमस्कार मंडळी. आमच्या घरात सध्या एकाच ओट्यावर तीन आहारपद्धती नांदत आहेत. यजमानांचे कीटो चालू आहे, त्यामुळे त्यांच्या ताटातून पोळी, भात, वरण आणि बहुतेक फळे हद्दपार होऊन पनीर, चीज, अंडी आणि तूप यांची रेलचेल झाली आहे. नणंदबाई घरातले लग्नकार्य जवळ आले की सात दिवसांचा जीएम डाएट करतात, ज्यात पहिला दिवस नुसत्या फळांचा, दुसरा नुसत्या भाज्यांचा आणि चौथा केळी-दुधाचा असतो. सासूबाईंना मधुमेह आहे. त्या दिवसातून दोनदाच जेवतात, मात्र त्या दोन जेवणांत पांढरा भात, बटाट्याची भाजी आणि उपवासाला साबुदाण्याची खिचडी बिनदिक्कत असते. प्रत्येकाचे वजन काही आठवडे उतरते, त्याचे कौतुक होते आणि दिवाळीनंतर ते पुन्हा पूर्वपदावर येते.

ज्यात धान्ये, कडधान्ये, भाज्या, फळे आणि तेलबिया शक्य तितक्या अख्ख्या स्वरूपात खाल्ल्या जातात आणि मांस, अंडी, दूध यांना वगळले जाते किंवा अगदी गौण स्थान दिले जाते, अशा आहाराविषयी मी अलीकडे वाचते आहे. त्याला 'होल फूड प्लांट बेस्ड' म्हणतात. सगळ्यांसाठी एकच स्वयंपाक व्हावा, ही माझी साधी अपेक्षा आहे. परंतु काही शंका आहेत. यातून प्रथिने पुरतील का? दूध-तूप खरोखर सोडावे लागेल का? सासूबाईंच्या गोळ्या चालू असताना असा बदल करावा का? आणि मुख्य म्हणजे, हे आणखी एक फॅड तर नाही ना?

हिरवा चाफा (आहारतज्ज्ञ, नाशिक)

वेलांटीताई, शेवटच्या शंकेपासून सुरुवात करते, कारण बाकीच्या शंकांची उत्तरे तिच्यावर अवलंबून आहेत.

फॅड ओळखण्याची माझी खूण अशी की त्याला मुदत असते. सात दिवस, एकवीस दिवस, लग्नापर्यंत. मुदत संपल्यावर काय खायचे, हे त्या तक्त्यात लिहिलेले नसते, कारण तक्ता करणाऱ्याने तेवढा पुढचा विचारच केलेला नसतो. जीएम डाएट हा जनरल मोटर्स कंपनीने १९८५ मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांसाठी तयार केला, असे सर्रास सांगितले जाते, पण त्याला कोणताही विश्वासार्ह आधार नाही. कीटोचे तसे नाही. त्याचा जन्म खरोखर रुग्णालयात झाला. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये रसेल वाइल्डर यांनी १९२१ मध्ये तो अपस्मारासाठी सुचवला आणि औषधांना दाद न देणाऱ्या लहान मुलांच्या अपस्मारात वैद्यकीय देखरेखीखाली तो आजही वापरला जातो. एका आजाराचा उपचार वजन कमी करण्यासाठी घरोघरी पोहोचला, तेव्हा ती देखरेख मात्र रुग्णालयातच राहिली.

पहिल्या आठवड्यात दोन किलो उतरतात, हे खरे आहे, पण त्यात चरबी थोडीच असते. आपल्या यकृतात आणि स्नायूंत साखरेचा साठा ग्लायकोजेनच्या रूपात असतो. तो साधारण ४०० ते ५०० ग्रॅम भरतो आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवलेले असते. पोळी-भात बंद केला की हा साठा रिकामा होतो आणि त्यासोबतचे पाणी निघून जाते. लग्नाच्या पंगतीत बसले की ते परत येते. यात कोणाच्या मनोनिग्रहाचा दोष नाही.

कमी स्निग्धांश की कमी कर्बोदके, या वादाबद्दल दोन अभ्यास सांगण्यासारखे आहेत. स्टॅनफर्डमध्ये क्रिस्टोफर गार्डनर यांनी ६०९ जणांचे दोन गट करून वर्षभर एका गटाला कमी स्निग्धांशाचा आणि दुसऱ्याला कमी कर्बोदकांचा आहार दिला. २०१८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा पहिल्या गटाचे सरासरी ५.३ किलो आणि दुसऱ्याचे ६ किलो वजन कमी झाले होते आणि हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने नगण्य होता. मला यातली अधिक बोलकी वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. दोन्ही गटांना साखर, मैदा आणि पाकीटबंद पदार्थ टाळून भरपूर भाज्या व शक्यतो घरी शिजवलेले अन्न खाण्यास सांगितले होते. म्हणजे भांडण कर्बोदकांवरून चालले होते आणि काम बहुधा भाज्या करत होत्या.

दुसरा अभ्यास केविन हॉल यांचा, २०२१ मधला. २० जणांना रुग्णालयातच ठेवून दोन आठवडे वनस्पतिजन्य, कमी स्निग्धांशाचा आहार आणि दोन आठवडे प्राणिजन्य कीटो आहार दिला आणि हवे तेवढे खाण्याची मुभा दिली. वनस्पतिजन्य आहारावर असताना लोकांनी दररोज सरासरी ६८९ कॅलरी आपोआप कमी खाल्ल्या आणि तरीही अधिक भूक लागल्याची तक्रार केली नाही. अर्थात, ही माणसे मोजकी होती आणि काळ महिनाभराचाच होता, त्यामुळे यावरून आयुष्यभराचे अनुमान काढू नये. शिवाय कीटोवर रक्तातील साखर जेवणानंतर कमी चढत होती, हेही त्यात नोंदवलेले आहे.

तर्कट (पुणे)

चाफाताईंचे विवेचन मान्य आहे, पण एक प्रश्न टाळता येणार नाही. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी असलेली कुटुंबे पुष्कळ आहेत आणि मधुमेहही त्याच घरांत ठाण मांडून बसला आहे. मग वनस्पतिजन्य आहाराने नेमके काय साधले?

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचे आणि ब्रिटनमधील डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र प्रसिद्ध केले होते. दोघांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, सारखाच, २२.३. शरीरातील चरबीचे प्रमाण मात्र युडकिन यांचे ९.१ टक्के आणि याज्ञिक यांचे २१.२ टक्के. वरून सडपातळ दिसणाऱ्या भारतीय माणसाच्या अंगात चरबी किती दडलेली असते, हे त्या एका छायाचित्राने जगाला दाखवले. त्यामुळे वजनकाटा हे आपल्यासाठी अपुरे माप आहे. कंबरेचा घेर मोजलेला बरा.

आपला नेहमीचा 'शाकाहार' पाहा. सकाळी पोहे किंवा रव्याचा उपमा, चहाबरोबर बिस्किटे, दुपारी पोळी आणि बटाटा, संध्याकाळी फरसाण, रात्री पांढरा भात आणि पातळ आमटी, जिच्यात डाळ शोधावी लागते. हे सगळे वनस्पतिजन्यच आहे. उपवासाचा तर विचारच नको. साबुदाणा म्हणजे कंदाचा निव्वळ स्टार्च. त्यात ना तंतू, ना प्रथिने. 'एकादशी दुप्पट खाशी' ही म्हण उगाच रूढ झाली नसावी. तेव्हा वेलांटीताईंनी 'अख्खे' या अर्ध्या भागाकडे आधी पाहावे आणि 'वनस्पतिजन्य' हा अर्धा भाग नंतर घ्यावा, असे माझे मत आहे.

काळी माती (मंगळवेढा)

तर्कटराव, मुद्दा चोख आहे. आमच्या भागात हा बदल माझ्या डोळ्यांदेखत झाला. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण त्याच तालुक्यातील घरांत आता पोळीच रोजची झाली आहे. दोष फक्त खाणाऱ्यांचा नाही. मालदांडी ही रब्बीची ज्वारी. ती सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये काळ्या जमिनीतील ओलीवर पेरली जाते आणि पुढे तिला फारसे पाणीही लागत नाही. पण काढणीच्या वेळी एकेक ताट हाताने उपटावे लागते, त्याला माणसे मिळत नाहीत आणि मजुरी परवडत नाही. जिथे पाणी आले तिथे ऊस आला. रेशनवर गहू-तांदूळ मिळू लागला. ज्यांच्याकडे जनावरे आहेत, ते आजही धान्यापेक्षा कडब्यासाठी ज्वारी पेरतात.

शहरातील मंडळींना एवढेच सांगतो की भाकरी खायची ठरवलीत, तर ज्वारी अख्खी आणून थोडी थोडी दळून घ्या. दळण पंधरा दिवसांच्या वर ठेवू नका. पिठाची विरी गेली की भाकरी थापताना चिरते आणि मग 'आम्हाला भाकरी जमत नाही' असे म्हणून लोक पुन्हा पोळीकडे वळतात. बाजरीचे पीठ त्याहून लवकर कडू होते.

रॅरिटनकाठ (न्यू जर्सी)

काकांचे म्हणणे इथे परदेशात पदोपदी पटते. एडिसनच्या भारतीय दुकानांतून ज्वारीचे पीठ सहज मिळते, पण ते दळून किती महिने झाले असतील याची कल्पना येत नाही. आम्ही शेवटी घरगुती चक्की घेतली. ती नसेल तर उकळत्या पाण्यात उकड काढून भाकरी करावी, म्हणजे जुने पीठही बऱ्यापैकी थापले जाते.

मला एक वेगळा धोका नोंदवायचा आहे. इथे 'वीगन', म्हणजे प्राणिजन्य काहीही नसलेले, असे छापलेले बर्गर, सॉसेज, चीज आणि आइस्क्रीम यांनी दुकानांतील फडताळे भरलेली असतात. कार्यालयातील काही सहकारी कीटो सोडून थेट या पाकिटांवर आले. वेगळे काढलेले वाटाण्याचे प्रथिन, खोबरेल, स्टार्च, स्वाद आणि भरपूर मीठ एवढाच त्यांतील बहुतेकांचा ऐवज असतो. ब्राझीलमधील कार्लोस मोंतेरो यांनी प्रक्रियेच्या प्रमाणानुसार अन्नाचे जे चार गट केले, त्यांत ही पाकिटे शेवटच्या, म्हणजे अतिप्रक्रिया केलेल्या गटातच मोडतात. वर चाफाताईंनी उल्लेख केलेल्या केविन हॉल यांचाच २०१९ मधला एक प्रयोग आहे. त्यात अतिप्रक्रिया केलेल्या अन्नावर असताना लोकांनी रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खाल्ल्या, वास्तविक दोन्ही आहारांत वाढलेली साखर, स्निग्धांश, तंतू आणि मीठ यांचे प्रमाण सारखे ठेवलेले होते. भारतातही ही पाकिटे आता ऑनलाइन मिळू लागली आहेत, म्हणून हे लिहिले.

वेलांटी (ठाणे)

सर्वांचे आभार. तर्कटराव, आमच्या फरसाणाच्या डब्यापर्यंत आपली नजर कशी पोहोचली, याचे आश्चर्य वाटते! यजमानांनी हे सारे वाचले आणि त्यांचा एकच प्रश्न आहे: पनीर आणि अंडी गेली, तर प्रथिने कुठून येणार?

हिरवा चाफा (आहारतज्ज्ञ, नाशिक)

हा हिशेब ताटावरच मांडू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने निरोगी प्रौढासाठी दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरेशी मानली आहेत, म्हणजे ६० किलोच्या माणसाला सुमारे ५० ग्रॅम. त्याच संस्थेने २००० कॅलरींच्या दिवसासाठी सुचवलेल्या ताटात २५० ग्रॅम धान्ये, ८५ ग्रॅम डाळी-कडधान्ये, ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळे, ३५ ग्रॅम तेलबिया व सुकामेवा, २७ ग्रॅम तेल-तूप आणि ३०० मिलिलिटर दूध आहे. ही वजने कच्च्या मालाची आहेत.

आता दूध बाजूला ठेवून मोजा. ज्वारीत दर शंभर ग्रॅममागे साधारण १० ग्रॅम प्रथिने असतात, गव्हात त्याहून थोडी जास्त आणि तांदळात कमी, म्हणजे धान्यांतून अंदाजे २४ ग्रॅम. डाळी-कडधान्यांत २० ते २४ टक्के प्रथिने असतात, त्यातून १८ ते २० ग्रॅम. शेंगदाणे आणि तीळ यांतून सात-आठ ग्रॅम. भाज्यांतून आणखी थोडी. बेरीज पन्नाशीच्या पुढे जाते. मात्र ८५ ग्रॅम डाळ म्हणजे किती, हे एकदा काट्यावर घालून पाहा. बहुतेक घरांत चार माणसांच्या आमटीला मिळून एवढीच डाळ लागत असते! प्रथिने कमी पडण्याचे कारण शाकाहारापेक्षा त्या पातळ आमटीत अधिक आहे.

धान्य तीन भाग आणि डाळ एक भाग हे प्रमाण सांभाळले, तर दोन्हींतील अमिनो आम्ले एकमेकांची उणीव भरून काढतात. धान्यात लायसिन कमी असते ते डाळीत असते आणि डाळीत मेथिओनिन कमी असते ते धान्यात असते. खानदेशातील कळण्याची भाकरी, जिच्यात ज्वारीबरोबर अख्खे उडीद दळतात, हा याचा उत्तम नमुना आहे. तशीच थालीपिठाची भाजणी. हुलग्याचे शेंगोळे, कुळथाचे पिठले, मटकीची उसळ, वालाचे बिरडे आणि झुणका हे सगळे आपल्याकडे आहेच. व्यायामशाळेत जाऊन वजने उचलणाऱ्यांना प्रथिनांची गरज जास्त असते. त्यांनी सोयाबीन किंवा टोफू याची जोड द्यावी.

कडधान्ये एकदम वाढवू नका. ज्यांच्या पोटाला सवय नाही, त्यांना वात धरतो आणि चौथ्या दिवशी प्रयोग बंद पडतो. आठवड्याला थोडे थोडे वाढवावे, भिजवलेले पाणी टाकून द्यावे आणि मोड आणून नीट शिजवावे. मोड आल्याने फायटेट कमी होऊन लोहही अधिक शोषले जाते. वरून लिंबू पिळावे आणि चहा जेवणाला लागून न घेता तासाभराने घ्यावा, कारण चहातील टॅनिन लोहाचे शोषण रोखते.

स्टेथो (फिजिशियन, छत्रपती संभाजीनगर)

सासूबाईंच्या औषधांचा प्रश्न मागे पडला आहे, तो आधी घ्यायला हवा, कारण त्यात जोखीम आहे. त्या इन्सुलिन घेत असतील किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेत असतील आणि आहारातील भात-साखर अचानक कमी झाली, तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. मात्रा कमी करण्याचा निर्णय त्यांच्या डॉक्टरांनी घ्यायचा आहे, घरातल्यांनी नव्हे. पहिले काही आठवडे ग्लुकोमीटरवर नोंद ठेवावी. घाम, थरथर, गोंधळल्यासारखे वाटणे ही लक्षणे घरातील प्रत्येकाला माहीत असावीत.

यजमानांसाठीही एक सूचना आहे. डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन या गटातील मधुमेहाची गोळी चालू असताना कीटो आहार घेतल्यास रक्तातील साखर फारशी न वाढताही कीटोअ‍ॅसिडोसिस, म्हणजे रक्त धोकादायकरीत्या आम्लधर्मी होणे, होऊ शकतो. त्यांना मधुमेह नसेल, तर हा मुद्दा त्यांना लागू नाही, पण हे वाचणाऱ्या कोणाला तरी लागू असेल.

मूत्रपिंडाचा जुना आजार असलेल्यांनी डाळी, पालेभाज्या, नारळपाणी आणि फळे मनाने वाढवू नयेत, कारण पोटॅशियम साचू शकते. वॉरफेरिन हे रक्त पातळ ठेवणारे औषध घेणाऱ्यांनी पालेभाज्यांचे प्रमाण एकदम बदलू नये. त्यांतील के जीवनसत्त्व औषधाच्या परिणामात ढवळाढवळ करते.

आता बी-१२. वनस्पतिजन्य आहाराची बाजू कितीही जोरकस मांडली, तरी हे जीवनसत्त्व वनस्पतींतून मिळत नाही, यात वाद नाही. मोड आलेल्या धान्यातून मिळत नाही, आंबवलेल्या इडलीतून भरवशाचे मिळत नाही आणि स्पिरुलिनात जे असते ते शरीराला उपयोगी पडत नाही. पुण्याजवळील सहा गावांत १९९३ पासून चाललेल्या माता-पोषण अभ्यासात सुमारे दोन-तृतीयांश गरोदर स्त्रियांत त्याची पातळी कमी आढळली होती. त्या वीगन नव्हत्या, आपल्यासारख्याच दूध-भाकरी खाणाऱ्या होत्या. त्यात सासूबाई मेटफॉर्मिन घेत असतील, तर ती गोळी वर्षानुवर्षे घेतल्याने बी-१२ आणखी घटते. मधुमेहाने पायांना मुंग्या येतात, असे समजून ही कमतरता अनेकदा नजरेआड होते. म्हणून दूध पूर्ण सोडणाऱ्या प्रत्येकाने बी-१२ पूरक स्वरूपात घ्यावे आणि बाकीच्यांनी निदान तपासून घ्यावे.

हाडांचाही विचार करावा. ब्रिटनमधील एपिक-ऑक्सफर्ड अभ्यासात, २०२० च्या अहवालानुसार, वीगन लोकांत खुब्याच्या हाडाचे अस्थिभंग मांसाहारींपेक्षा अधिक दिसले. कॅल्शियम, प्रथिने आणि वजन हे तिन्ही कमी असणे ही त्यामागची संभाव्य कारणे आहेत. साठीच्या पुढच्या व्यक्तीचा आहार बदलताना हे ध्यानात असू द्यावे.

काळी माती (मंगळवेढा)

डॉक्टरसाहेब, आपण दुधाचा विषय काढलात, म्हणून विचारतो. भाकरी, ठेचा आणि ताक हे माझे दुपारचे जेवण. त्यातले ताक काढून घेतले, तर उन्हाळ्यात उरते काय? गाय-म्हैस दारात असलेल्या माणसाला दूध सोडा म्हणणे मला काही पटत नाही.

तर्कट (पुणे)

काका, आपल्या ताकावर कोणाचाच डोळा नाही. पण शहरात 'दूध' या नावाखाली चीज, मलईचे आइस्क्रीम, गोड लस्सी आणि दिवसाचे चार कप साखरेचा चहा हेच अधिक येते. म्हणून ताकाचा निकष चीजला लावू नये, एवढेच म्हणतो.

हिरवा चाफा (आहारतज्ज्ञ, नाशिक)

दोघांचेही बरोबर आहे, परंतु माझा कौल काकांकडे थोडा झुकतो. दूध वगळूनही चांगला आहार आखता येतो, त्यासाठी मात्र नियोजन लागते. नाचणीत दर शंभर ग्रॅममागे सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, न सोललेल्या तिळात त्याहून पुष्कळ जास्त. शेवग्याचा आणि राजगिऱ्याचा पाला हेही चांगले स्रोत आहेत. पालकात कॅल्शियम दिसते, पण ऑक्झलेटमुळे त्यातले फारच थोडे अंगी लागते, म्हणून पालकावर विसंबू नये. ज्यांच्याकडून एवढा विचार रोज होणार नाही, त्यांनी वाटीभर दही किंवा ताक चालू ठेवावे. प्रत्येक ताट शंभर टक्के वनस्पतिजन्य झाले नाही म्हणून काही बिघडत नाही. 'सगळे किंवा काहीच नाही' ही वृत्तीच फॅडची आहे.

तुपापेक्षा मला तेलाची चिंता अधिक वाटते. तूप दिसते, चमच्याने मोजले जाते. तेल फोडणीत, पोळीत, भाजीवरच्या तवंगात आणि तळणात विरून जाते. महिन्याला घरात येणारे तेल लिटरमध्ये मोजून माणसांच्या संख्येने भागावे. २७ ग्रॅमच्या हिशेबाने माणशी महिन्याला पाऊण-एक लिटरपेक्षा कमी व्हायला हवे आणि त्यातच तूपही आले. भाजीला दाण्याचे, तिळाचे किंवा कारळाचे कूट घातले, की तेल निम्मे केलेले कळतही नाही. जवसाची चटणी रोज चमचाभर खावी. मासे न खाणाऱ्यांना ओमेगा-३ वर्गातील स्निग्धाम्ल त्यातून मिळते, फक्त जवस भाजून, कुटून घ्यायला हवेत.

सोलकढी (म्हापसा)

मासे न खाणाऱ्यांचा उल्लेख झाला, म्हणून मासे खाणाऱ्यांची बाजू मांडते. आमच्याकडे शीत-कढी-नुस्ते, म्हणजे भात, कालवण आणि मासळी, हेच जेवण, त्यामुळे पूर्ण वनस्पतिजन्य होणे आम्हाला जमणार नाही आणि तशी गरजही मला वाटत नाही. परंतु श्रावणात घरात मासळी येत नाही, तेव्हा जे शिजते ते पाहिले की मार्ग आधीपासूनच मळलेला आहे, हे लक्षात येते. खतखतें घ्या. त्यात तूरडाळ, सुरण, रताळे, मुळा, शेवग्याच्या शेंगा, भोपळा, मका अशा कितीतरी भाज्या एका टोपात शिजतात, वर तिरफळे आणि सोले पडतात आणि वरून फोडणीचीही गरज नसते. तशीच मुगागाठी, आळसांद्यांचे तोणाक, तायखिळ्याची भाजी. आम्ही एवढेच केले की हे पदार्थ श्रावणापुरते न ठेवता आठवड्यातून चार दिवस करू लागलो. खोबऱ्याचा हात मात्र आवरता घ्यावा लागला, कारण नारळातील स्निग्धांश बहुतांशी संपृक्त असतो. सोलकढीतला रस पातळ काढला, तरी चवीत फारसा फरक पडत नाही.

पिठलेप्रेमी (हिंजवडी)

इथे एका गोष्टीची चर्चा झालेली नाही, ती म्हणजे श्रम. पाकीट फोडणे सोपे असते. कडधान्ये निवडणे, भिजवणे, उपसणे, मोड आणणे, पालेभाजी निवडणे, चटण्या कुटणे आणि भाकऱ्या थापणे हे सगळे कोणीतरी करायचे असते आणि ते 'कोणीतरी' बहुतेक घरांत एकच व्यक्ती असते. आहार बदलण्याचा निर्णय घरातल्या एकाने घ्यायचा आणि राबायचे दुसऱ्याने, अशा घरात तो आहार टिकत नाही, हे मी जवळून पाहिले आहे.

आम्ही तिघे मित्र भाड्याच्या घरात राहतो आणि कामे वाटून घेतो. शनिवारी रात्री एकजण मटकी, चवळी आणि हरभरे वेगवेगळे भिजत घालतो, रविवारी ती उकडून वाट्यावाट्यांनी फ्रीजरमध्ये जातात. आठवडाभर संध्याकाळी फक्त कांदा-टोमॅटो परतून उसळ करायची. दाण्याचे कूट आणि जवसाची चटणी महिन्यातून दोनदा. भाकरी रोज जमत नाही, म्हणून ज्वारीची आंबोळी आणि नाचणीचे घावन करतो. त्यांना थापण्याचे कौशल्य लागत नाही. खर्चाचे म्हणाल, तर बदाम-अ‍ॅव्होकाडो-पनीर यांच्या कीटोपेक्षा महिन्याचा किराणा निश्चितच कमी झाला आहे.

वेलांटी (ठाणे)

पिठलेप्रेमी, आपला प्रतिसाद मी घरात मोठ्याने वाचून दाखवला. परिणामी भिजवण्या-उकडण्याचे काम यजमानांकडे आणि पालेभाजी निवडण्याचे काम नणंदबाईंकडे गेले आहे.

आम्ही ठरवले आहे ते असे. सकाळच्या पोह्यांत मटार आणि दाणे भरपूर, किंवा मुगाचे धिरडे. दुपारच्या डब्यात ज्वारीची भाकरी किंवा न चाळलेल्या कणकेची पोळी, घट्ट उसळ आणि एक पालेभाजी. रात्री सगळ्यांना एकच भाजी, एकच आमटी. उपवासाला साबुदाण्याऐवजी भगर, दाण्याची आमटी आणि रताळे. दही ठेवले आहे, चीज थांबवले आहे. सासूबाईंच्या डॉक्टरांची वेळ घेतली असून तोपर्यंत त्यांच्या ताटात फारसा बदल करणार नाही. बी-१२ सगळ्यांचेच तपासून घेणार आहोत.

एकच पेच उरला आहे. सासूबाई भाताशिवाय जेवल्यासारखे मानत नाहीत. दोनदाच जेवते, मग भात का सोडू, असे त्यांचे म्हणणे आहे. त्यांना काय सांगावे?

हिरवा चाफा (आहारतज्ज्ञ, नाशिक)

दोनदाच जेवण्याची कल्पना डॉ. श्रीकांत जिचकार यांची आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी ती महाराष्ट्रभर पोहोचवली, हे आपण सारे जाणतो. त्या पद्धतीचा मुख्य भर किती वेळा खावे, यावर आहे. ताटात काय असावे हा प्रश्न त्याने संपत नाही, म्हणून दोन्ही गोष्टी एकत्र चालू शकतात. मात्र जेवणांतील अंतर आणि गोळीची वेळ यांचा मेळ डॉक्टरांकडून बसवून घ्यावा.

भात सोडायला सांगू नका, त्याची जागा बदला. आधी कोशिंबीर आणि भाजी, मग घट्ट वरण किंवा उसळ आणि शेवटी भात, या क्रमाने जेवल्यास साखर हळू चढते. हातसडीचा तांदूळ चावायला जड जात असेल, तर निम्मा साधा आणि निम्मा हातसडीचा असा मिसळून सुरुवात करावी. रात्री भाताऐवजी मुगाची खिचडी करा, पण तांदूळ आणि सालाची मूगडाळ समसमान घ्या आणि त्यात दुधी किंवा मेथी घाला. सासूबाईंना ती भातासारखीच वाटेल. वाढताना भातवाढी बाजूला ठेवून एक ठरावीक लहान वाटी वापरा आणि जेवणानंतर दोन तासांनी ग्लुकोमीटरवर आकडा पाहून तो त्यांनाच वहीत लिहायला सांगा. एचबीए१सी ही चाचणी मागच्या साधारण तीन महिन्यांची रक्तातील साखरेची सरासरी दाखवते, तेव्हा ती लगेच करू नका. तीन महिने होऊ द्या आणि तो अहवाल वहीसह डॉक्टरांकडे न्या.